कबुली आणि केळीचा चीक

आमच्या घरी जेवणाच्या वेळेला टीव्हीवर पोलिसांची किंवा कोर्टाची मालिका लागली, की असोद्याकडची ती केस मला हटकून आठवते. मालिकेतला अधिकारी टेबलावर हात आपटतो, आरोपी घडाघडा बोलतो, संगीत वाजतं आणि भाग संपतो. आमची ही म्हणते, "अहो, बघा, चाळीस मिनिटांत पकडला! तुम्हाला किती दिवस लागले असते?" मी म्हणतो, "भाजी वाढ." पण मनात म्हणतो, बाई गं, कबुली आली तिथे यांचं काम संपतं आणि आमचं तिथून सुरू होतं.

तेव्हा मी जळगावजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळी हजेरी चालू असताना एक विधवा शेतकरीण, पदर डोक्यावर, दोन मुलींना घेऊन आली. पंधरा दिवसांत कापणीला येणारी तिची केळीची बाग कुणीतरी रात्रीतून तोडून टाकली होती. हजारभर झाडं, घडांसकट आडवी. आमच्याकडे केळी कापणं हा सूड घ्यायचा जुना मार्ग. कलम साधं नुकसानीचं, म्हणून बरेच अधिकारी अशी फिर्याद ढकलून देतात. मी बाईंना म्हटलं, "कुणावर संशय?" मागे उभा असलेला सगळा गाव एका सुरात म्हणाला, "आबा!" आबा म्हणजे तिचे थोरले दीर. विहीर सामायिक, पाण्याच्या पाळीवरून वर्षभर तंटा चाललेला. पण बाई हळूच म्हणाल्या, "आबाचं नाव लिहू नका. ते भांडतीन, पन केळी नाही कापनार."

घटनास्थळी गर्दी जत्रेसारखी. एक तरुण मला विचारतो, "साहेब, फॉरेन्सिकची गाडी कधी येनार?" म्हटलं, "आलीये, हे काय." माझ्यासोबत शिरपूरकडचे एक जुने हवालदार होते. जन्म केळीत गेलेला माणूस. त्यांनी खोडांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, हाई काम केळीवालानं नही शे." केळीवाल्याचं का नाही, तर प्रत्येक खोडावर तीन-तीन, चार-चार घाव. केळी हाताळणारा माणूस एका तिरप्या घावात झाड पाडतो. मी ते सगळं मोजून, उंचीसह पंचनाम्यात लिहून घेतलं. पंच कंटाळले, उन्हं चढली, पण लिहून घेतलं.

दुपारी गावातल्या दूधवाल्याचा फोन आला. पहाटे त्याने आबांच्या मुलाची मोटारसायकल बांधाजवळ पाहिली होती. हा मुलगा शाळेपासून मामाकडे शहरात वाढलेला, आता जळगावातल्या पिंप्राळ्यात राहून प्लॉटच्या दलालीत. हायवे रुंद झाल्यापासून काकूची जमीन त्याच्या डोळ्यांत भरली होती, हे गावात सगळ्यांना माहीत. मी त्याला ठाण्यात बोलावणं धाडलं.

तो यायच्या आत आबाच हजर झाले! स्वच्छ धोतर, टोपी, हात जोडलेले. "साहेब, बाग म्या कापली. लिहून घ्या." आणि सुरू झाले. राग कसा आला, कोयता कसा घेतला, मग रुमालानं ठसे पुसले, कोयता विहिरीत टाकला. सगळं क्रमानं, न अडखळता. ठाण्यातली पोरं खूश. वरिष्ठांचाही फोन आला, "कबुली आहे ना? मग गुन्हा उघड दाखवून टाका."

माझ्या नोकरीत मी शेकडो माणसं बोलती केली. हात न उचलता, हे अभिमानानं सांगतो. त्यातून एक कळलं होतं. खरा गुन्हेगार कधी ओळीनं सांगत नाही. तो मधूनच सुरू करतो, मागे जातो, नको ते विसरतो. ओळीनं सांगतो तो पाठ करून आलेला असतो. आणि वावरातल्या म्हाताऱ्याला रुमालानं ठसे पुसायचं कुणी शिकवलं? विहिरीत गळ टाकून पाहिला, कोयता मिळाला नाही. तसंही पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मालिकावाल्यांना हे कुणीतरी सांगा.

मी हवालदारांना शेतातून एक खोड आणायला सांगितलं. ठाण्याच्या मागच्या अंगणात ते खड्डा करून उभं केलं आणि आबांच्या हातात कोयता दिला. आरोपीच्या हाती कोयता देणारा जिल्ह्यात मीच पहिला असेन! "आबा, कसं कापलं ते दाखवा." आबांनी धोतर खोचलं, पाय रोवला आणि सप्! एकाच तिरप्या घावात खोड आडवं. कापलेली जागा आरशासारखी साफ.

आबांना लगेच कळलं. त्यांनी कोयता खाली ठेवला. "साहेब," ते म्हणाले, "माह्यं वय झालं. मले जेलात काय अन् घरात काय. पोराचं लगीन होऊन वरीस नाही झालं." मी त्यांना पाणी दिलं. मलाही मुलगा आहे हो. पण म्हटलं, "आबा, तुम्हाला आत टाकलं तर ती बाई जमीनही टिकवू शकणार नाही. तो पुन्हा येईल." आणि त्यांना घरी पाठवून दिलं.

मुलगा आला तो इस्त्रीच्या कपड्यांत, ऐटीत. निर्दोष माणूस आधी विचारतो, काय झालं? यानं विचारलं, "माझ्याविरुद्ध काय आहे तुमच्याकडे? ठसे घ्या, मोबाईलचं लोकेशन काढा." मोबाईल रात्रभर घरीच होता, हे आम्हालाही कळलं होतं. मालिका बघून बघून गडी तयार झालेला. मी शांतपणे एवढंच विचारलं, "काकूच्या वावरात शेवटचे कधी गेलात?" म्हणाला, "सहा महिने फिरकलो नाही." ते जबाबात घेतलं आणि त्याला जाऊ दिलं. ठाण्यातली पोरं माझ्याकडे वेड्यासारखी पाहत होती.

हवालदार गालात हसत होते. केळीचा चीक कपड्यावर उडाला की आधी दिसत नाही, मग काळा पडतो आणि जन्मात निघत नाही. म्हणून केळीवाले वेगळे ठेवलेले फाटके कपडे घालूनच बागेत शिरतात. हे पुस्तकात नाही आणि टीव्हीवरही नाही. आम्ही दोघं चार दिवस साध्या वेषात पिंप्राळ्यातल्या एकेक लॉन्ड्रीत हिंडलो. पाय सुजले, उसाच्या रसावर दिवस काढले. हे कोण दाखवणार मालिकेत?

पाचव्या दिवशी एक लॉन्ड्रीवाला म्हणाला, "एक शर्ट-पँट पडून आहे. चहाचा डाग आहे म्हणाला. दोनदा धुतला, निघेना. साहेब, चहा अन् चीक मला कळत नाही का?" पावतीवर आबांच्या मुलाचं नाव. महागाचा शर्ट, टाकवला नसावा. पंच बोलावले, मुद्देमाल जप्त केला, तपासणीला पाठवला. डाग केळीचाच निघाला. कोयता मात्र शेवटपर्यंत मिळाला नाही.

कोर्टात केस उभी राहायला दोन वर्षं गेली. साक्षीच्या दिवशी लॉन्ड्रीवाला नवा सदरा घालून आला आणि माझ्या कानाशी लागला, "साहेब, जरा जोरात बोलू का? डायलॉग पाठ केलाय." म्हटलं, "खबरदार! पाहिलं तेवढंच सांग." आरोपीच्या वकिलांनी अगदी सौम्य आवाजात विचारलं, "डाग कशाचा हे तुम्हाला कसं कळलं?" हा विसरला सगळा डायलॉग. म्हणाला, "वकीलसाहेब, माझी आई केळीत रोजानं जायची. तिची लुगडी धूतच मी मोठा झालो." वकिलांनी खाली बसून कागद चाळले. ना कुणी ओरडलं, ना हातोडा आपटला. निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी शिक्षा इतक्या हळू वाचली, की पंख्याच्या घरघरीत बाईंना ऐकूच गेली नाही. मला विचारायला लागल्या, "साहेब, काय झालं?" मी सांगितलं, "जिंकलात, ताई."

माझ्या कपाटात दोन-चार प्रशस्तिपत्रं आहेत. पण या साध्या कलमाच्या केसचा पंचनामा मला त्या सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. त्यातली एक ओळही वकिलांना हलवता आली नाही. म्हातारा स्वतःहून चालत आला होता, आम्ही त्याला आत टाकलं असतं तर कुणी एक शब्द विचारला नसता. सोपं आयतं समोर असताना ते नाकारायचं, हे मी त्या केसमध्ये शिकलो, आणि पुढे हाताखालच्या पोरांना शिकवलं.

निकालाच्या त्या दिवशी कोर्टाबाहेर पायरीवर आबा एकटेच बसले होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "साहेब, तुम्ही मले काहाले सोडलं?" तेवढ्यात बाई पुढे आल्या. थोरल्या दिरासमोर त्या कधी तोंड उघडत नसत. पदर सारखा करून, खाली बघत त्या म्हणाल्या, "आबा, उद्या नवी लागन हाये. तुम्ही बांधावर उभे राह्यल्याबिगर मी एक कंद लावू देनार नाही."

आबांनी उपरण्यानं डोळे पुसले, बाईंच्या धाकट्या मुलीचा हात धरला आणि उठले. "चाल," म्हणाले, "गावाची बस निघून जाईन."