महाड ते पनवेल: ईशाचे अप्पा बघायला

शुक्रवारी दुपारी ईशाचं स्टेटस दिसलं. धोतर, काळी टोपी, ओठावर झुपकेदार मिशी आणि खाली, ‘अप्पा हरचेकर पुन्हा रंगमंचावर! रविवार, दुपारी चार, पनवेल.’ आईशप्पथ, मिशीतसुद्धा काय गोड दिसत होती!

ज्यांना अप्पा माहीत नाहीत त्यांच्यासाठी: आपल्या आजोबांच्या पिढीला नुसतं स्टेजवर उभं राहून हसवणारा हा नट. जाऊन बरीच वर्षं झाली. ईशा त्यांचे गाजलेले प्रवेश एकटी करते, दोन तास.

ईशा आणि मी कॉलेजच्या नाटकांत एकत्र. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, आता मामाच्या टायरच्या दुकानात असतो. ती शिकली, नोकरीला लागली, पनवेलजवळ करंजाड्याला राहते. सहा महिन्यांपूर्वी एका स्पर्धेत तिच्या प्रवेशाला कुणीतरी शिट्टी मारली आणि मी उठून त्याची कॉलर धरली. पडदा पाडावा लागला. तेव्हापासून अबोला. तरी मेसेज टाकला, ‘येऊ?’ उत्तर शनिवारी सकाळी आलं. ‘ये, पण प्रेक्षक म्हणून. परत तसलं काही केलंस तर संपलं.’

रविवारी साडेआठला बाईक काढली. महाड ते पनवेल सव्वाशेच्या आत-बाहेर, पण अंतरावर जाऊ नका. काँक्रीट लागलं की गाडी पळते, मग अचानक डायव्हर्जन, खडी, समोर डंपर. माणगावात अर्धा तास गेला. कोलाडला चहा घ्या, वडखळला वडापाव खा आणि हवा इथेच तपासा. टायरवाला सांगतोय, ऐका. पनवेलच्या तोंडाशी, पळस्प्याला पोचलो तेव्हा शर्ट मातीच्या रंगाचा झाला होता. करंजाड्यात कॉलेजचा दोस्त राहतो, त्याच्याकडे अंघोळ केली, त्याचाच इस्त्रीचा शर्ट घातला.

बाल्कनीचं तिकीट दीडशे, खाली तीनशे. मी खालचं काढलं, चौथी रांग. शेजारी चिरनेरचे एक काका, पांढरी टोपी, मांडीवर पिशवी.

“एकलाच आलास?” काका म्हणाले.

“हो. ती जी करतेय ना, ती माझ्या ओळखीची आहे.”

“मंग नीट बघ. अप्पा करणं सोपा नाय.”

पडदा उघडला आणि ईशा नव्हतीच तिथे! पाठीला पोक काढलेला, गुडघे वाकलेले, एक म्हातारा छत्री उघडायला बघतोय आणि छत्री ऐकत नाहीये. एक शब्द न बोलता तिनं पाच मिनिटं थिएटर हलवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हसून.

दुसऱ्या प्रवेशात ती जरा थांबली, प्रेक्षकांकडे बघत. तेवढ्यात काका उभे राहून ओरडले, “अप्पा, घरी जा!”

माझं डोकं सणकलं. मेसेज, अट, सगळं गेलं. मी काकांचा दंड धरला. “बसा खाली! कलाकाराला घरी जा म्हणता? लाज वाटत नाही?”

सगळं थिएटर माझ्याकडे वळलं. ईशानं मला ओळखलं, तिचा चेहरा क्षणभर अप्पांचा नव्हता. मला वाटलं, संपलं. मग तिनं छत्री माझ्याकडे रोखली आणि अप्पांच्या किनऱ्या आवाजात म्हणाली, “सोड रे त्यांना! घरीच होतो मी. बायकोनं हाकललं म्हणून तर इथे आलो!”

थिएटर फुटलं. टाळ्या, शिट्ट्या. लोकांना वाटलं, मीही नाटकातलाच. काका दंड चोळत हसत होते.

“अरं बाला, आमी अप्पांच्या प्रयोगाला हेच आरडायचो. त्यांनीच शिकवलेला. कोनी आरडला नाय तं अप्पा रुसायचे!”

मध्यंतरात मी काकांच्या पाया पडलो. त्यांनी मलाच चहा पाजला, वर म्हणाले, “हात कडक हाय तुझा.”

प्रयोगानंतर आत गेलो. ईशा मिशी ओढून काढत होती.

“लोकांना आवडलं ना?” मी.

“लोकांना आवडलं. मला नाही. तो हशा आला नसता तर?”

मी छत्री उचलून टेबलावर ठेवली.

“आठशे माणसं माझ्या बाजूनं बसली होती, सागर. मला कुणापासून वाचवायला आला होतास तू?”

मी सॉरी म्हणालो. पहिल्यांदाच ‘पण’ न जोडता. तिनं टोपीची घडी केली. मग म्हणाली, “पुढचा प्रयोग पेणला आहे. तिकडे हे काका नसणार. वेळेवर ओरडायला कुणीतरी लागेल.”

मी असा उडालो की खुर्ची पडली!

त्या हायवेवर अंधारात बाईक चालवू नका. मी दोस्ताकडे झोपलो आणि सोमवारी सकाळी परतलो. ‘माझी होशील का?’ विचारायचं ठरवून गेलो होतो, ते विचारलंच नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे आता कळतं. पण तिच्या नाटकात मला एक वाक्य मिळालंय, तेही प्रेक्षकांतून. रोज दुकान बंद करताना सराव करतो. आवाज खणखणीत लागतो, वेळही साधते. फक्त मामा म्हणतो, अजून भांडायला उठल्यासारखाच वाटतोस.