खोक्यांच्या कंपनीचे सर्वाधिकारी

नवऱ्याची कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवायची. खोकी कुठे दिसायची नाहीत, कारण कंपनीच नव्हती. सर्व्हर सांभाळायला शिकवणाऱ्या क्लासच्या बाईंनी ती फळ्यावर काढली होती. पहिल्या धड्यात एक मालक, दोन कामगार आणि एक कॉम्प्युटर. मग दर धड्याला कंपनी वाढायची. आज हिशेब विभाग आला, उद्या गोदाम, परवा दुसऱ्या गावात शाखा. आलेल्या प्रत्येक माणसाला सर्व्हरवर खातं उघडून द्यायचं, कुणाला कुठली फाइल दिसावी ते ठरवायचं, रोजच्या कामाची एक प्रत बाजूला जपून ठेवायची. ज्याची त्याची कंपनी ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर. शिकवायची पद्धत चांगलीच होती. हा माणूस त्या कंपनीत नोकरीलाच लागेल, हे बिचाऱ्या बाईंना काय ठाऊक.

खरी नोकरी गेल्यापासून तो सोफ्यावर पडून जगाला नावं ठेवत होता. बायको दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. तिनं सकाळच्या पाळीला संध्याकाळची जोडून घेतली. दिवसभर लोकांचे सुजलेले गाल बघायचे आणि घरी येऊन स्वतःचे सुजलेले पाय. शेवटी तिनंच डॉक्टरांकडे शब्द टाकला. डॉक्टर म्हणाले, "क्लासचं सर्टिफिकेट आणू दे त्यांना. आपल्या तिन्ही दवाखान्यांचे कॉम्प्युटर त्यांच्याकडे देतो. मग तुम्ही संध्याकाळची पाळी खुशाल सोडा." तेव्हापासून ती त्या सर्टिफिकेटवर डोळे लावून बसली होती.

आणि हा तोऱ्यात. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय क्लासला जायचा नाही. घरी आला की दमल्याचा आव आणून बूट काढायचा आणि मुलीला टीव्हीचा आवाज कमी करायला लावायचा, कारण नव्या शाखेचं टेन्शन.

एकदा जेवताना म्हणाला, "आज हिशेबातल्या बाईला चांगलं फैलावर घेतलं. पासवर्ड म्हणून स्वतःचंच नाव टाकते."

तिचा घास हातातच राहिला. "कुठली बाई?"

"आमच्या कंपनीतली."

क्षणभर आपल्याला मत्सर वाटला, याची तिला नंतर लाज वाटली. ती बाई त्यानंच केलेली, तो पासवर्डही त्यानंच टाकलेला, आणि फैलावर घेताना समोर होता फक्त की-बोर्ड. त्या दिवसापासून तिनं मनातल्या मनात त्याचं नाव सर्वाधिकारी ठेवलं.

नाव अगदी शोभायचं. कंपनीत दोनशे माणसं झाली तरी सगळ्या किल्ल्या सर्वाधिकाऱ्यांच्या खिशात. मालकाला स्वतःच्या कंपनीची फाइल उघडायची तर यांची परवानगी. वरचे अधिकार आणखी एकाला तरी देऊन ठेवा, असं क्लासच्या बाई सांगून थकल्या. यांचं ठरलेलं उत्तर असे, "आज देईन, उद्या तो माझ्याच डोक्यावर बसेल." तो म्हणजे कोण, हे विचारायची सोय नव्हती.

परीक्षेत बाईंनी नेमकं तेच धरलं. प्रत्येकाचं खातं बंद केलं आणि म्हणाल्या, समजा तुम्ही नोकरी सोडून गेलात. आता तुमची कंपनी शेजारचा चालवणार. यांच्या शेजारी पूर्वी कुरियर वाटणारा एक अबोल गृहस्थ बसायचा. तो बराच वेळ खटपट करत राहिला.

सर्वाधिकारी घरी आले ते हसतच.

"काय झालं?" तिनं दारातच विचारलं.

"तू बघायला हवं होतंस. माझं खातं बंद केलं आणि कंपनी ठप्प. एक फाइल उघडेना. जपून ठेवलेल्या प्रतीचा पासवर्डसुद्धा माझ्याकडेच."

"म्हणजे नापास झालात."

"बाईला अक्कल नाही. माझ्यावाचून कंपनीचं पान हलत नाही, याला नापास म्हणतात?"

तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग बाईंना फोन करून गयावया केली. अशी गयावया तिनं स्वतःसाठी कधी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोन पाळ्यांच्या मधे ती स्वतःच त्याला घेऊन क्लासला गेली. एकटा जाऊन हा काय दिवे लावेल, याचा भरवसा नव्हता.

बाई भल्या होत्या. त्यांनी त्याचं खातं पुन्हा सुरू करून दिलं. "काही अवघड नाही," त्या म्हणाल्या. "शेजारच्यांच्या नावानं एक खातं उघडा, त्याला तुमच्याइतके अधिकार द्या, प्रतीचा पासवर्ड त्यांना सांगा. एवढं केलंत की सर्टिफिकेटवर सही करते."

कुरियरवाले गृहस्थ अवघडून उभे राहिले. सर्वाधिकारी हाताची घडी घालून खुर्चीत रेलले.

"यांना? माझी कंपनी यांच्या हातात द्यायची?"

"अहो, करा ना," ती हळूच म्हणाली.

"तुला यातलं कळत नाही. शून्यातून उभी केली आहे मी ती. उद्या काही बिघडलं तर जबाबदार कोण?"

"बिघडायला आहे काय तिथे?" आता तिचा आवाज चढला. "खोकी कुणी बघितली आहेत का? दोनशे माणसं म्हणता, त्यातलं एक तरी मला दाखवा."

खोलीत दोघंतिघं हसले. त्याचे कान लाल झाले, पण हाताची घडी सुटली नाही. "तत्त्वाचा प्रश्न आहे," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान, आणि समोरच्या पडद्यावर नसलेल्या माणसांच्या नावांची लांबलचक रांग. आपण या माणसासाठी हातापाया पडलो, याची तिला शिसारी आली. राग येण्याइतकीही त्याची किंमत तिला वाटेना. बाईंची माफी मागून ती बाहेर आली. जिन्यात थांबून तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"संध्याकाळची पाळी मीच करीन, डॉक्टर. आजही, पुढेही. दुसरं कुणी बघू नका."

"का हो? मिस्टर येणार होते ना आपल्याकडे?"

"नाही येत ते," ती म्हणाली. "त्यांना आहे ती कंपनी सोडवत नाही."