पहिल्या हाकेला ओ

आमच्या शेजारची विनीता पैशाला फार जपणारी बाई. सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, एका वाट्यावर ती इतका वेळ घासाघीस करते की शेवटी मासेवालीच म्हणते, "न्हे बाय, पण माझो जीव सोड." तारकर्लीत एका लॉजवर ती स्वयंपाक करते. दुपारची ताटं आटोपायची, रात्रीचं खोबऱ्याचं वाटप वाटून ठेवायचं आणि दिवस मावळताना घरी यायचं, हा तिचा नेम. नवरा रेडीला बंदरावर कामाला, पंधरवड्याने येतो. म्हणजे रोज पायपीट नाहीतर रिक्षा. रिक्षावाल्याला पैसे देताना ती दात उपटून दिल्यासारखं तोंड करायची.

मग तिने सायकल घेतली. मालवणात दुरुस्तीच्या दुकानाबाहेर जुन्या सायकली विकायला उभ्या असतात, त्यातली एक जांभळ्या रंगाची लेडीज सायकल. दुकानदार म्हणाला, "चेनकव्हर जरा आवाज करता, बाकी ठणठणीत." किंमत इतकी कमी की विनीताने घासाघीससुद्धा केली नाही. तिने घासाघीस केली नाही, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती.

आवाज मात्र खरा होता. पायडल फिरलं की कव्हर आपटायचं, खट्-खट्, खट्-खट्. तिने ते दोनदा बसवून घेतलं, दोनदा सुटलं. मग ब्रेक गेले. मग सीट फाटली. पुढे एकदा बाजाराच्या दिवशी, म्हणजे तिच्या सुट्टीच्या दिवशी, भर बाजारात टायर फाटला. तसा टायर दुकानात नव्हता, म्हणून सायकल तिथेच ठेवून बाईसाहेब पिशव्या घेऊन मोठ्या रस्त्याने रिक्षाने घरी आल्या. मी गमतीने म्हटलं, "चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला." ती हसली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हिला खर्चाचं दुःख नाही, दुसरंच काहीतरी आहे.

त्या संध्याकाळी माझ्या ओटीवर बसून तिने सांगितलं. लॉजवरून येताना ती माडांच्या बागांतली पाणंद धरते, वाट निम्मी होते. पाणंदीच्या मधोमध एक कौलारू घर आहे. त्यात दिवा कधीच नसतो, म्हणून तिला ते मुंबईकरांचं बंद घर वाटलं होतं. सायकल घेतल्यापासून तिथून जाताना त्या अंधाऱ्या घरातून हाक येते.

"काय म्हणता ती हाक?" मी विचारलं.

"इलंस गो? इतक्याच. बायलमाणसाचो आवाज. रोज एकदाच, वहिनी. दुसरी हाक नाय."

नुसतं 'आलीस गं?' एवढंच. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? तिनसांजेला कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आमच्याकडे पोराला चालायला येतं तेव्हाच शिकवतात. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. दुसरं काही असेल तर ते एकदाच मारतं, आणि ओ दिलीत तर तुमच्यामागून घरी येतं. विनीताने ओ दिली नव्हती. मान खाली घालून ती जोरात पायडल मारायची, आणि जितकं जोरात मारावं तितकं ते कव्हर मोठ्याने खटखटायचं.

पुढचे खर्च मग सायकलच्या दुकानातले नव्हते. वेशीवरच्या राखणदार देवाला नारळ, पान-विडी. देवळात गाऱ्हाणं. हँडलला काळा दोरा. हाक काही थांबली नाही. उलट विनीता म्हणायची, आवाज दिवसेंदिवस बारीक होतोय, आणि तरी जवळ आल्यासारखा वाटतोय.

"सायकल इकून टाक," मी म्हटलं.

"नि माझो इतको खर्च झालो, त्येचा काय?" ती म्हणाली. भुताच्या तावडीतही हिचा हिशेब चालूच! मला राग आला आणि हसूही आलं.

उलगडा झाला तो लॉजवर. जितेंद्र नावाचा एक रिक्षावाला पर्यटकांना सोडायला आला आणि भिंतीला टेकवलेली सायकल बघून जागच्या जागी थांबला. त्याने सायकल कोणाची विचारलं. विनीता पुढे आली.

"माझ्या भयणीची ही," तो म्हणाला. "अक्षयाची. गेल्या पावसात लेप्टोच्या तापान गेली. आवशीक ह्यो कव्हराचो आवाज सोसणा नाय, म्हणान मीच दुकानात देवन इलंय."

त्याची आई सावित्रीकाकी. काचबिंदूने तिचे डोळे गेलेले. जितेंद्र रिक्षा लावून उशिरा घरी येतो, तोवर ती एकटीच असते. आंधळ्या माणसाला दिवा कशाला लागतो? म्हणून घरात अंधार. मुलगी गेलेली तिला पक्कं ठाऊक होतं, डोकं अगदी शाबूत होतं. पण रोज तिनसांजेला मुलीची सायकल पाणंदीतून यायला लागली, तेव्हा तिच्या तोंडून हाक निघाली. आणि उत्तर आलं नाही.

"मेलेला माणूस ओ देणा नाय, म्हणजे ती अक्षयाच, असा म्हणता," जितेंद्रने सांगितलं. "माका न्हेव्क येता, म्हणता. जेवणा नाय, गोळये घेणा नाय. आता खाटेवरसून उठूचाव बंद केल्यान. मी सांगलंय तर माझा खरा मानणा नाय. बाय, तू एकदा ओ दी. नायतर माझी आवस जातली."

विनीता घरी न जाता थेट माझ्याकडे आली. समजलं सगळं, पण भीती समजून जाते होय? ती म्हणाली, "वहिनी, तुमी वांगडा चला." मी गेले.

पाणंदीत ऊन नव्हतं आणि पुरता काळोखही नव्हता. विनीता सायकलवर हळूहळू, मी मागून चालत. खट्-खट्, खट्-खट्. जितेंद्र पायरीवर बसला होता, त्याने मान हलवली. आतून हाक आली. खरं सांगते, आत कोण आहे हे माहीत असूनही माझी नजर आधी परतीच्या वाटेकडे गेली.

"इलंस गो?"

विनीताने ब्रेक दाबला. एक पाय जमिनीला टेकला. मग एकदम, ओरडल्यासारखी म्हणाली, "इलंय काकी! पण मी विनीता. अक्षया नाय. तिची सायकल मी घेतलंय."

आत खाट करकरली. आम्ही आत गेलो. काकी खाटेवर उठून बसली होती, हाडांवर नुसतं लुगडं टाकल्यासारखी.

"रोज तूच?" तिने विचारलं.

"होय."

"मगे ओ कित्याक दिलंस नाय?"

"भियालंय. तुमकाच भियालंय, काकी."

म्हातारी हसली. "आणि मी तुझ्या वांगडा जावक निघाल्लंय!" हसता हसता तिला रडू आलं. जितेंद्रही रडला, आणि माझंही काही धड राहिलं नाही. मुलगी रोज घरी येते हे तिचं उरलेलं एकच सुख होतं, आणि ते आम्ही हातातून काढून घेतलं होतं.

मग तिने डोळे पुसले आणि विनीताचा हात चाचपून धरला.

"आणि बाजारादिवशीव तूच होतंस?" ती म्हणाली. "त्या दिसा तू पाणंदीत रवलंस नाय. दारातल्या खळ्यात इलंस. सायकल पायरेकडे लावलंस आणि उभी रवलंस. मी हाक मारलंय, तर जवळ इलंस."

मी विनीताकडे बघितलं. बाजाराच्या दिवशी विनीताला सुट्टी, ती या पाणंदीत यायचीच नाही; आणि टायर फाटला त्या दिवशी तर सायकलच मालवणात दुकानात होती, टायर काढून टाकलेली. विनीता मोठ्या रस्त्याने रिक्षाने आली होती, पिशव्या उतरवायला मीच गेले होते.

विनीतानेही माझ्याकडे बघितलं. काकीची बोटं तिच्या मनगटावर होती. जितेंद्र आईकडे आशेने बघत होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"होय काकी," विनीता म्हणाली. "त्या दिसाव मीच."

"खरा?"

"खरा. देवाशपथ."

काकीने हात सोडला. मग म्हणाली, "जितू, पेज हाड रे." ती वाटीभर पेज प्याली, वर गोळ्याही घेतल्या.

परत येताना विनीता सायकल हातात धरून चालत होती. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, "वहिनी, काय बोला नको."

ती सायकल तिने विकली नाही. येता-जाता आता पहिल्याच हाकेला मोठ्याने ओ देते, कधी उतरून काकीला माशाचं तिखलं देते. काकी बरी आहे, पडवीत येऊन बसते. मी एकदा विचारलं, सरतेशेवटी सायकल पडली कितीला? ती मासे साफ करत राहिली.

बाजाराच्या दिवशी विनीताला अजून सुट्टी असते. पण दिवस कलला की ती घरातलं काम अर्धं टाकून सायकल काढते आणि पाणंदीकडे जाते. "आज कित्याक जातंस?" मी एकदा विचारलं.

"मी पयली पोचाक होयी, वहिनी," ती म्हणाली.