खोडायचं नाही, खाली लिहायचं

आमच्या गावच्या वाचनालयात सकाळी सहा-सात जण पेपर वाचतात, म्हणजे एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे त्याच्या चुका काढतात. केळीचा भाव वाचून झाला की निम्मे उठून चोपड्याची गाडी पकडतात. उरलेले बसून राहतात, कारण त्यांना वही हवी असते.

ही वही म्हणजे आमच्या गावाचा इतिहास. जाड पुठ्ठ्याची, हिशेबाच्या रजिस्टरसारखी. सध्या पाचवी चालू आहे. ग्रंथपाल भाऊंनी ती सुरू केली तेव्हा मी हसले होते, हे कबूल करते. भाऊंचे नियम मोजके आहेत. स्वतः पाहिलं असेल तेवढंच लिहायचं, ऐकीव नको. लिहिता येत नसेल तर भाऊ लिहून घेणार, माणूस बोलेल तसंच. आणि दुसऱ्याचं पटलं नाही तर खोडायचं नाही, खाली लिहायचं.

त्यामुळे गावात पहिला टीव्ही कुणाकडे आला यावर चार पानं भरली आहेत. पुलावर केळीचा ट्रक उलटला तेव्हा कुणी कुणी घड घरी नेले, याची एकाने यादी दिली आहे. खाली दुसऱ्याचं अक्षर : ‘स्वतःचं नाव राहिलं.’ मी जळगावला कॉलेजात शिकवते, पुस्तकांतच वय गेलं. पण माहेरी आले की आधी ती वही मागते. इतकं निर्भीड पुस्तक आमच्या कॉलेजच्या कपाटात नाही, आणि ते सांभाळणाऱ्या भाऊंइतका सरळ माणूसही मला फारसा भेटलेला नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याच वहीत मला माझे आजोबा सापडले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. घरात त्यांचा हार घातलेला फोटो आहे आणि त्यांच्या चांगुलपणाच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले. बौद्ध वस्तीतल्या एका वयस्कर अक्कांनी भाऊंकडून लिहून घेतलं होतं :

‘मी देखं. त्या उन्हायामा आमनी इहीर आटनी. मी हंडा लिसन आबासना मयामा गऊ. पाटनं पानी भरं. आबा तठे व्हतात. आबा म्हने, पानी नही. मंग हंडा उलटा करी दिधा. बठ्ठं पानी मातीमा गयं.’

खाली अंगठा. आमच्याच मळ्यातल्या पाटावर अक्कांनी भरलेला हंडा मातीत ओतला गेला होता.

माझं डोकंच फिरलं. “भाऊ, हे पान काढा,” मी म्हटलं.

“ताई, पान निघत नाही.”

“अहो, पण खोटं आहे ते!”

“तुम्ही होतात का तिथे?”

“माझा जन्म तरी झाला होता का तेव्हा?”

“मग तुम्हाला खालीही लिहिता येणार नाही,” भाऊ म्हणाले. आवाज जरासुद्धा चढला नाही, त्याने तर मी आणखीच चिडले. त्यांनी मागवलेला चहा तसाच टाकून घरी आले.

पण तिथे असलेला माणूस आमच्या घरातच होता. नाना, माझे वडील. आता ऐंशी वर्षांचे, सगळा जन्म त्या मळ्यात गेलेला. मोबाइलवर काढलेला त्या पानाचा फोटो मी त्यांना वाचून दाखवला. म्हटलं, “नाना, हे चूक आहे असं तुम्ही लिहा. नाहीतर आबांच्या नावाला कायमचा डाग लागेल.” नाना जेवायला बसले. जेवण झाल्यावर एवढंच म्हणाले, “सकायले जाऊत.”

सकाळी आम्ही गेलो. भाऊंनी वही उघडून पेन दिलं. नाना लिहू लागले. मी त्यांच्या खांद्यामागून वाचत होते, आणि पहिला शब्द ‘चूक’ असा उमटला तेव्हा मी भाऊंकडे चक्क विजयाने पाहिलं.

‘चूक. आबांनी हंडा उलटा केला नाही. ते पाणी नाही एवढंच म्हणाले. हंडा मी उलटा केला. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी सोळा वर्षांचा होतो.’ खाली पूर्ण नावानिशी सही.

मी ते पुन्हा वाचलं. पेपर वाचणाराही थांबला होता. “नाना, शाई वाळू द्या,” भाऊ म्हणाले आणि वही तशीच उघडी ठेवली.

कुणाच्या नोंदीखाली कुणी काही लिहिलं, की भाऊ मूळ माणसाच्या घरी जाऊन ते वाचून दाखवतात. मी म्हटलं, आज राहू द्या. नाना म्हणाले, “मी बी येस.” मग वही आणि शाईचा पॅड घेऊन आम्ही तिघेही निघालो.

अक्का ओट्यावर तूर निवडत होत्या. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून भाऊंना दोनदा वाचावं लागलं. दुसऱ्यांदा वाचताना आजूबाजूची दारं उघडली. मला शरमेने मान वर करवेना. नाना मात्र उन्हात उभेच होते, अक्कांकडे बघत.

“माले माहीत व्हतं,” अक्का म्हणाल्या. “तू पोऱ्या व्हता. म्हनीसन मी तुनं नाव सांगं नही.”

आमच्या घराची लाज झाकायला म्हणून मी नानांना वाचनालयात नेलं होतं. ही बाई ती साठ वर्षं झाकून बसली होती.

“पन तू लिखं ते बरं करं,” त्या पुढे म्हणाल्या. “इतला वरीस माले एकलीलेच याद व्हतं.”

नानांनी हात जोडले. भाऊंनी खिशातून पेन काढलं आणि अक्कांच्या कानाशी वाकून विचारलं, हेही खाली लिहू का?

“लिख,” अक्का म्हणाल्या, आणि हातावरची माती पदराला पुसून त्यांनी अंगठा पुढे केला.