फक्कीचं वर्कशॉप

सोनाळ्यात कडूबाच्या घरामागे एक वर्कशॉप होतं. त्याला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, दारही नव्हतं. बैलजोडी विकल्यापासून गोठ्याची जागा रिकामी पडली होती. तिथे त्याने पांढऱ्या फक्कीने रेघा मारल्या होत्या, पाया खोदण्याआधी मिस्त्री मारतो तशा. त्या रेघांच्या मधोमध, कडुनिंबाखाली, एक जुनी जीप उभी होती. आणि कोणी रेघ ओलांडून सरळ जीपकडे निघालं की कडूबा खवळायचा.

"भिंतीतून काय येतं बे? दरवाजा तिकडं हाय!"

हे ऐकून घ्यायची पाळी बहुतेक अकीलवर यायची. अकील संग्रामपूरचा वेल्डर, कडूबाचा जुना दोस्त. तो बिचारा हातातलं सामान सांभाळत वळसा घालायचा, पूर्वेला दोन विटा ठेवलेल्या होत्या त्यांच्या मधून आत यायचा आणि म्हणायचा, "कडूबा भाऊ, इतक्या दिवसांत ताजमहल बी बांधून झाला असता." बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात, ते सोनाळ्यात रोज दुपारी पाहायला मिळायचं. कोंबड्या मात्र खुशाल भिंतीतून जायच्या-यायच्या. त्यांना कोण सांगणार?

जीप कडूबाची नव्हती, म्हणजे मूळची नव्हती. ती त्याच्या सासऱ्याची, हिंमतरावांची. हिंमतराव घाटावरचे, मेहकरकडचे, हिवरा आश्रमाजवळच्या एका वाडीचे. ते वारल्यावर जीप तिथल्या बाभळीखाली गंजत पडली. मुलगा गोविंदा ती भंगारात घालायला निघाला, तेव्हा कडूबाने ती मागून घेतली आणि ट्रॅक्टरला बांधून घाट उतरवून आणली. निघताना सासूबाई केसरबाई जीपच्या बाजूला उभ्या राहिल्या. त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"जावईबापू, दुरुस्त झाली की एकदा दारात आणून दाखवा. यांच्या गाडीत बसून लेक आली, एवढं डोळ्यानं पाहू द्या."

"हाव आई," कडूबा म्हणाला होता. "दिवाळीले आणतो."

कोणती दिवाळी, ते त्याने सांगितलं नव्हतं. तेव्हा पाळण्यात असलेला केसरबाईंचा नातू आता शाळेत जातो.

काम त्याने केलं नाही असं नाही. संत्र्याच्या बागेतून आला की हातपाय धुवायच्या आधी तो जीपपाशी जायचा. इंजिन सुटं करून पुन्हा बांधलं. ब्रेक नवे बसवले. सडलेला तळ अकीलकडून पत्रा जोडून भरून घेतला. पुढच्या मडगार्डला कोपरभर पोचा होता, तो दोघांनी मिळून लाकडी हातोडीने असा काढला की हात फिरवला तर तळहाताला कळू नये. जीप सुरू होत होती, चालत होती, एकदा बाजाराच्या दिवशी संग्रामपूरलाही जाऊन आली होती. आता रंग राहिला होता आणि वरचं हूड. हुडाचं जाड हिरवं कापड तर खामगावहून शिवून आणून ठेवलं होतं. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

"रंग असा उघड्यावर मारतात काय?" तो बायकोला, शालूबाईला, समजावून सांगायचा. "धूळ बसते. वर्कशॉप झालं की एका दिवसात मारतो. हूड बी मंग आतच चढवू."

आणि मग तो जीपच्या सीटवर बसून वर्कशॉपकडे पाहत राहायचा. ही त्याची सगळ्यात सुखाची वेळ. कडुनिंबाची सावली रेघांवरून सरकत असायची, लांब सातपुड्याची निळी कड दिसायची, आणि हवेतून हळूहळू भिंती वर यायच्या. उत्तरेच्या भिंतीला मोठी खिडकी, डोंगर दिसेल अशी. खिडकीखाली सागाचं बाकडं, त्याला लोखंड पकडून धरायचा शिकंजा. भिंतीवर पान्यांच्या जागा आखलेल्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, म्हणजे एखादा पाना नसला तर त्याची रिकामी आकृतीच ओरडून सांगेल. वर पत्रे, आणि मध्ये एक पारदर्शक पत्रा, त्यातून उजेडाचा चौकोन बरोबर इंजिनावर पडणार. खाली उतरायला खड्डा, खड्ड्याला पायऱ्या. वाऱ्याने डहाळी हलली की तो उजेडाचा चौकोनही हलायचा. इतकं सगळं त्याला दिसायचं. बांधून झालेल्या घरांतसुद्धा लोकांना एवढं दिसत नाही.

पावसाने रेघा धुतल्या की तो नव्या मारायचा. दर वेळी खिडकी थोडी मोठी व्हायची.

शालूबाई सकाळी अंगण झाडायची ती रेघांच्या कडेकडेने. चहा आणायची ती दोन विटांच्या मधूनच. गावातल्या बाया हसायच्या, ती हसायची नाही. नवऱ्याचा जीव कशात आहे हे तिला ठाऊक होतं, आणि बाईला एवढं ठाऊक असलं की ती पुष्कळ वळसे घालते.

एक गोष्ट मात्र कडूबाने मुद्दाम तशीच ठेवली होती. ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर धरायला लोखंडी दांडी होती. तिच्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, वरून सुतळीच्या गाठी. सगळ्या जीपमध्ये तेवढंच ध्यान दिसायचं.

"हे काढ ना भाऊ," अकील म्हणायचा. "नवी चकचकीत दांडी लावून देतो."

"राहू दे. तीट हाय ते."

कडूबाच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून आईने याचं नाव असं ठेवलं, की सटवाईलाही तोंड वाकडं करावंसं वाटावं. कडू नाव ठेवलं म्हणून वाचला, असं आई मरेपर्यंत सांगायची. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं: पूर्ण झालेल्या गोष्टीला नजर लागते. कुठेतरी काहीतरी काळं, वेडंवाकडं राहू द्यावं. आता त्याने एका दांडीवर भागवलं असतं तर ठीक होतं. पण त्याने रंग राहू दिला, हूड राहू दिलं, आणि दिवाळ्या जाऊ दिल्या.

माघ संपत आला होता तेव्हा गोविंदाचा फोन आला. शालूबाई बराच वेळ फोन कानाला धरून नुसती "हं, हं" करत होती. केसरबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू होता, हे घरात माहीत होतं. मध्ये शालूबाई एसटीने जाऊन भेटून आली, तेव्हा त्या बाजूचं दिसत नाही म्हणत होत्या, समोरचं दिसत होतं. आता गोविंदा सांगत होता की समोरचंही गेलं. ऊन आणि सावली तेवढी कळते. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही.

कडूबा तेव्हा बाकड्याची जागा एक हात डावीकडे सरकवत होता. मूठभर फक्की हातात होती. शालूबाई घरातून आली, खांद्याला पिशवी, अंगावर गावाला जायचं लुगडं. ती विटांकडे वळली नाही. सरळ आली. उत्तरेच्या भिंतीतून, मोठ्या खिडकीतून, सागाच्या बाकड्यावरून चालत आली. पायांनी रेघ फिसकटली. ती जीपमध्ये चढून बसली.

"चालवा."

"अवं पण रंग…"

"कोनाले दाखवाचा हाय रंग? पाहनारीचे डोळे गेले." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या भिंतीनं माझ्या मायचे डोळे खाल्ले."

कडूबाने हातातली फक्की खाली टाकली. आयुष्यात त्याला असं कोणी बोललं नव्हतं, आणि त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. त्याने हात पुसले आणि जीप सुरू केली.

अस्तराच्या राखाडी रंगाची, बोडक्या डोक्याची जीप शेगाव, खामगाव मागे टाकत घाटाला लागली. वारा थेट तोंडावर येत होता. एरवी कडूबाला हा प्रवास स्वप्नात किती वेळा दिसला होता! त्यात जीप हिरवी असायची, आणि केसरबाई दारात कपाळावर हात धरून उभ्या असायच्या. चढावर इंजिनाने जराही कुरकूर केली नाही. ती चांगली चालत होती याचंच त्याला वाईट वाटत राहिलं. हे तर केव्हाच करता आलं असतं. शालूबाई समोरची दांडी धरून बसली होती.

केसरबाई ओट्यावर बसल्या होत्या. आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"कोनाची गाडी हाये?"

"आपलीच हाय, माय," शालूबाई म्हणाली. "बाबाची."

गोविंदाने त्यांना हाताला धरून आणलं. त्यांनी हात पुढे केला, तो मडगार्डला लागला. त्या चाचपत राहिल्या. पुढून मागे, मागून पुढे. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही नाही. इथं पोचा होता. यांनी बाभळीवर घातली होती, मी ओरडली होती त्यांच्यावर. पोचा कुठं हाये?"

तो पोचा काढायला त्याने आणि अकीलने अख्खा उन्हाळा घातला होता. जगात एकाच माणसाला त्या पोच्याची गरज होती. शरमेने त्याची मान खाली गेली.

"मी काढला तो, आई. मले काय मालूम."

लेकीच्या आधाराने केसरबाई वर चढल्या, सीटवर टेकल्या, आणि सवयीने त्यांचा हात पुढे गेला. तो दांडीवर पडला. रबराच्या पट्ट्या, सुतळीच्या गाठी. एक एक गाठ त्यांनी बोटांनी मोजल्यासारखी पाहिली. आणि त्या रडू लागल्या.

"घाटात माझे हात घसरायचे म्हनून त्यांनी गुंडाळलं होतं हे. स्वतः. चांगलं बांधता बी येत नव्हतं मानसाला." मग पदराने तोंड पुसून त्या सरळ बसल्या. "चला, जावईबापू. कुठं नेता?"

त्या उतरायला तयारच होईनात. शेवटी गोविंदाने त्यांची कपड्यांची वळकटी आणून मागे टाकली, तेव्हा कुठे त्या रात्रीपुरत्या उतरल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जीप तिघांना घेऊन घाट उतरली. सगळी वाट केसरबाईंनी दांडी सोडली नाही. वळण आलं की त्या आधीच सांगायच्या, "आता डाव्या अंगाला."

सोनाळ्यात पोचले तेव्हा दुपार झाली होती. कडूबाने जीप जागेवर, कडुनिंबाखाली लावली. फिसकटलेली रेघ तशीच होती. केसरबाईंना त्याने आधीच अंगणात उतरवलं होतं; त्यांना घराकडे नेऊ लागला, तर पाय आपोआप विटांकडे वळले. सवय वाईट.

"हे काय हाये?" विटेला पाय लागला तसं केसरबाईंनी विचारलं.

"दरवाजा, आई. वर्कशॉपचा. शालूनं सांगितलं असंन तुमाले."

केसरबाईंनी पाय उचलला आणि नसलेला उंबरठा ओलांडला. सावकाश, पदर सावरून, एखाद्याच्या नव्या घरात जावं तसा. "खिडकी कुठं ठेवली?"

"इकडं. डोंगराच्या अंगाला."

त्यांनी तोंड तिकडे केलं. सातपुड्याकडून वारा येत होता. "बरी ठेवली," त्या म्हणाल्या. "मोठी हाये." कडुनिंबाची पानं गळून गेली होती, सावली विरळ झाली होती. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"जावईबापू, पन छप्पर राहिलं वाटतं. ऊन लागून राहिलं."

कडूबाने तोंड उघडलं. त्याच्याकडे नेहमीचं उत्तर तयार होतं, मिस्त्रीचं, पत्र्यांचं, पुढच्या दिवाळीचं. त्याने शालूबाईकडे पाहिलं आणि ते उत्तर गिळून टाकलं. घरातून बाज आणून त्याने खिडकीपाशी टाकली, आईंना तिच्यावर बसवलं. मग जीपच्या हुडाचं ते हिरवं कापड आणून एक टोक कडुनिंबाला बांधलं, दुसरं जीपला. गाठी काही नीट बसल्या नाहीत.

"आता?" त्याने विचारलं.

"आता नाही लागत," केसरबाई म्हणाल्या, आणि बाजेवर आडव्या झाल्या. शालूबाई चहा घेऊन आली. विटांच्या मधून आली. कडूबा पायासाठी टिकाव शोधायला गेला होता.