काचेच्या गावाचा शेवट

आमच्या प्रोफेसरकाकांच्या घरी बातम्या संपल्या की रेडिओ तत्काळ बंद होई. मग ते खोलीतल्या प्रत्येकाला विचारत, "आता ऐकलंत, त्यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलं आहे?" पाहुण्यांचीही सुटका नसे. "काल जयपुरात मोठं वादळ झालं म्हणे," असं माझे वडील एकदा बोलून गेले. काका शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, काल आपण जयपुरातच होतात."

काका मूळचे सांगलीचे. जयपूरच्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत आणि बनी पार्कमध्ये आमच्या शेजारी राहत. उच्च शिक्षणासाठी दोन वर्षे इंग्लंडला असताना घरमालकिणीच्या दिवाणखान्यात त्यांनी टेलिव्हिजनवर एक नाटक पाहिले होते. आम्हां मुलांपैकी कोणीही टेलिव्हिजन पाहिला नव्हता. म्हणून काका पुस्तकांच्या कपाटाच्या काचेसमोर आम्हांला बसवीत आणि ते नाटक सांगत.

ते पुढच्या काळातले गाव होते. तिथे प्रत्येक घराच्या भिंतीत एक बोलणारी काच होती. काच म्हणे पाऊस आहे, की लोक उन्हात छत्र्या उघडत. एके दिवशी काच म्हणाली, अमुक माणूस आता नाही. त्या दिवसापासून दारात उभ्या असलेल्या त्या माणसाशी कोणी बोलेना.

"मतलब, तो दिसत नव्हता का काका?" मी विचारले.

"दिसत होता. पण काचेला विचारल्याशिवाय डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय मोडली होती."

शेवटी एक बाई त्याला पाण्याचा पेला देते आणि एकेक जण भानावर येतो. हा शेवट मला फार आवडे.

पुढे मी कॉलेजात गेले, तेव्हा आंतरमहाविद्यालयीन वादविवादाचा विषय निघाला: 'टेलीविज़न: वरदान या संकट'. मी ते नाटक पेल्यासकट सांगितले. टाळ्या थांबेनात. बक्षिसाची ढाल आपलीच, असे मी मनाशी ठरवूनही टाकले. परीक्षकांनी सहज विचारले, "यह नाटक आपने देखा है?"

"जी नहीं, हमारे प्रोफेसर साहब ने देखा है."

तिसऱ्या रांगेतून काका उठले. "अंत मैंने जोड़ा था," ते म्हणाले. "असली नाटक में उसे किसी ने पानी नहीं दिया."

ढाल दुसऱ्या मुलीला मिळाली.  परतताना टांग्यात मी विचारले, "गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"तुम्ही मुलं लहान होतात. खरा शेवट सांगवेना," काका म्हणाले. "पण आज भर सभेत तू तो साक्षीसारखा सांगितलास, आणि मी तो सांगितला म्हणून तुला एकदाही शंका आली नाही. ते ऐकून मला भीती वाटली."

मी त्यांच्याशी बोलणे सोडले. त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त होऊन सांगलीला गेले. मी स्टेशनवर गेले नाही.

पुढे मी शिक्षिका झाले. एकदा वर्गात माझ्याकडून एक उदाहरण चुकीचे सांगितले गेले. मुलींनी ते जसेच्या तसे वहीत उतरवले. एकीनेही मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर उभे राहून चूक कबूल करायला मला सगळा धीर गोळा करावा लागला. त्या संध्याकाळी मी काकांना चार पाने लिहिली.

उत्तर काकूंच्या अक्षरात आले. माझे पत्र पोचण्याआधीच काका वारले होते.