डक्टवरचा पत्रा

माझी थोरली बहीण, तिला मी आक्का म्हणायचे, मंचरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली तेव्हा लई खूश होती. दाजी एका कचेरीत कारकून. दोन हजार सालानंतर मंचरला तीन-तीन मजल्यांच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, त्यातल्याच एकीत त्यांनी दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. खाली दुकानं, वर घरं.

आम्ही दोघी बोरी बुद्रुकच्या. आमची न्हाणी म्हणजे घरामागं तीन बाजूंना रचलेले दगड, चौथ्या बाजूला गोणपाट आणि वर आभाळ. पाणी बाहेरच्या चुलीवर तापायचं. ती चूल पेटवायचं काम आक्काकडं होतं. ओली लाकडं फुंकून तिचे डोळे कायम लाल असायचे. म्हणूनच असेल, मी फ्लॅट बघायला गेले तेव्हा तिनं मला सगळ्यात आधी बाथरूम दाखवलं. भिंतीवर एक पांढरी पेटी होती, गॅसचा गिझर. नळ फिरवला की आत भप्पकन निळी ज्योत लागायची आणि वाफाळतं पाणी यायचं.

"धूर नाय, काजळी नाय," ती म्हणाली. "आता फुकायचं काय राहिलंच न्हाई बघ."

त्या बाथरूमला छताजवळ एक लहानसा झरोका होता. तो इमारतीच्या पोटात ठेवलेल्या विहिरीसारख्या मोकळ्या जागेत उघडायचा. तिला सगळे डक्ट म्हणायचे. सगळ्यांची बाथरूमं त्या डक्टकडं तोंड करून. सुरुवातीला तिथून उजेड यायचा, वाराही लागायचा. पुढं वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी कबुतरं घाण करतात म्हणून डक्टवर पत्रा टाकला. खालच्या दुकानदारानं तळाशी भिंत घालून माल ठेवायला जागा केली. हवा कोंडली आणि सांडपाण्याच्या पाइपांचा वास घराघरात शिरायला लागला. मग कोणी झरोक्याला पुठ्ठा लावला, कोणी काच. दाजींनी काच बसवली आणि कडेनं पुट्टी भरली. काम मोठं नीटनेटकं झालं होतं.

त्या हिवाळ्यापासून आक्काचं डोकं दुखायला लागलं.

"आंगूळ केली का डोकं धरतंय," ती मला फोनवर सांगायची. "मळमळतंय पण. थोडं पडलं का बरं वाटतं."

डॉक्टरांनी आधी पित्त सांगितलं, मग बीपी, मग मानेचे मणके. तिनं गोळ्या खाल्ल्या, पट्टा लावला. उन्हाळ्यात गार पाण्यानं आंघोळ सुरू झाली की सगळं आपोआप थांबायचं आणि औषध लागू पडलं असं आम्हाला वाटायचं. दिवाळी सरली की पुन्हा तेच. कोणत्याही डॉक्टरनं तिला तुझं बाथरूम कसं आहे, असं विचारलं नाही. का विचारतील? आणि आम्ही तरी कशाला सांगू?

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी सासरहून, पिंपरी पेंढारहून, तिच्याकडं गेले होते. दाजी कचेरीत, भाची कॉलेजात. दुपारी लाडू वळायचे ठरलं होतं. त्याआधी केस धुऊन घेते म्हणून ती आत गेली. मी बाहेर तीळ निवडत बसले होते आणि आमच्या दाराआडून गप्पा चालल्या होत्या. गावाकडच्या एका लग्नाचं काहीतरी ती सांगत होती. मधेच बोलायची थांबली. डोक्यावर पाणी घेत असेल असं मला वाटलं. पाण्याचा आवाज येतच होता.

"आक्का, मग पुढं काय झालं?"

उत्तर आलं नाही. दार वाजवलं, हाका मारल्या. मग शेजारच्या घरातल्या भाऊंना बोलावून आणलं आणि त्यांनी खांद्यानं कडी तोडली. आक्का भिंतीला टेकून बसली होती. गाल गुलाबी, आमच्या न्हाणीतून पहाटे बाहेर यायची तेव्हा असायचे तसे. वरचा गिझर चालूच होता. वास कसलाही नव्हता. मी तिला साडी गुंडाळत होते तेवढ्या वेळात मलाच गरगरायला लागलं. त्या भाऊंनी आम्हा दोघींना ओढून बाहेर काढलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं तिला तपासलं, मान हलवली आणि मग मला विचारलं, "बाथरूममध्ये गॅस गिझर आहे? खिडकी बंद होती का?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला. ज्योतीला हवा पुरली नाही की विषारी वायू तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. मी ऐकत होते. कचेरीतून धावत आलेले दाजी दाराशीच उभे होते. त्यांनीही ऐकलं.

दहावं-तेरावं झालं. येणारी माणसं म्हणत होती, तिची वेळ भरली. मला ते सहन होईना. मी एकटीच ग्रामपंचायतीत गेले. टेबलामागचे गृहस्थ सभ्यपणे बोलले.

"नियम हाये ना, ताई. हवा खेळती पायजे, म्हणून तर नकाशात डक्ट उघडा दावलाय. बांधतानाबी उघडाच व्हता. पुढं लोक काय झाकत्यात, ते आमी बघायला जात न्हाई."

इमारत बांधणाऱ्यानं जवळपास हेच सांगितलं. मग दाजींनी सगळ्या घरमालकांना आपल्या घरी बोलावलं. वरचे गृहस्थ म्हणाले, पत्रा काढला तर कबुतरं पुन्हा येतील. दुकानदार म्हणाला, पत्रा काढला तर पावसात माल भिजेल. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, ते खोटं नव्हतं. आक्कानं त्यांच्या घरी पुरणपोळ्या दिल्या होत्या. पत्रा तसाच राहिला.

दाजींनी काच काढून टाकली. वास परत आला. त्या घरात ते गार पाण्यानं आंघोळ करत, भर थंडीतसुद्धा. एकदाच मला म्हणाले, "वास येतो म्हणून तीच मागं लागली होती. मी म्हटलं, आता कसं झकास झालं."

वर्षश्राद्धाला गेले तेव्हा डक्टच्या पलीकडच्या घरात नवं जोडपं आलेलं कळलं. बाई पोटुशी होती. मी मुद्दाम गेले, सगळं सांगितलं. तिनं मला बाथरूम दाखवलं. तीच पांढरी पेटी, आणि झरोक्याला प्लॅस्टिकचा कागद, चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद.

"तेवढा कागद काढ, बाई," मी म्हणाले.

"काढते, काकू. पण वास लई येतो हो. मला उलट्या होतात." मग म्हणाली, "आणि आमच्या ह्यांची आंघोळ दोन मिनिटांत होते."

तिनं चहा टाकला. मी तो घेतला. निघताना बाथरूमचं दार उघडंच होतं आणि कागद जागेवर होता.

दाजी मला एसटी स्टँडवर सोडायला आले. गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसून राहिलो. त्या कागदाचं मी त्यांना सांगितलं नाही.